ट्रायपॉड किती उंच घ्यायचा, आणि मधल्या दांडीचं काय करायचं

ट्रायपॉडच्या खोक्यावर जी उंची मोठ्या अक्षरात छापलेली असते ना, ती बहुतेक वेळा आपल्या कामाची नसतेच. ती असते सगळं ताणून मोजलेली उंची, म्हणजे तिन्ही पाय शेवटपर्यंत उघडून आणि वरून मधली दांडी, जिला सेंटर कॉलम म्हणतात, ती पण उपसता येईल तेवढी उपसून. एखाद्याने चवड्यांवर उभं राहून, हात वर करून ‘माझी उंची सात फूट’ म्हणावं त्यातला प्रकार आहे. बाबा रे, मान्य, पण तसा उभा किती वेळ राहशील?

मी माझा पहिला ट्रायपॉड असाच घेतला होता. फोर्टातलं दुकान, काउंटरमागच्या काकांनी पिशवीतून काढून दोन मिनिटांत खटाखट उभा केला, दांडी वर ओढली, स्क्रू आवळला आणि म्हणाले, “घ्या साहेब, साठ इंची, डोळ्याला डोळा.” खरंच डोळ्याला डोळा होता. ६० इंच म्हणजे १५२ सेंटिमीटर, वर कॅमेरा आला की माझ्या उंचीला अगदी बरोबर, मला तरी आणखी काय हवं होतं. त्या १५२ मधले ३० सेंटिमीटर एकट्या दांडीचे होते हे घरी टेप लावल्यावर कळलं, आणि तेव्हाही वाटलं की असूदे ना, उंची ती उंची, कशाची का असेना.

मग डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकड्यावर सूर्यास्त झाला, अंधार पडल्यावर खाली कोकणातल्या गावांचे दिवे लागले, मी ७०-२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली, दांडी पूर्ण वर, आणि चाळीसेक फोटो काढले. कड्यावर खालून वर येणारा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना पुढचं सांगायला नको. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे फोटो झकास दिसत होते, त्या एवढ्याशा स्क्रीनवर काय, काहीही झकास दिसतं. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर प्रत्येक दिव्याची अळी झालेली. चाळीसपैकी एक फोटो धड नाही. आधी लेन्सला शिव्या घातल्या, मग फोकसला, मग स्वतःला, दांडीवर संशय यायला आणखी दोन ट्रेक लागले.

तर आता मुद्द्यावर येतो. ट्रायपॉड घेताना एकच आकडा बघायचा असेल तर तो ‘दांडी खाली असताना किती उंच’ हा बघायचा. कंपन्या तो देतात, पण लहान अक्षरात, खाली कुठेतरी. उदाहरण द्यायचं तर मॅनफ्रोटोचा ०५५ हा तीन सेक्शनवाला, म्हणजे तीन तुकड्यांच्या पायांचा ट्रायपॉड, दांडी वर केली की १७० सेंमी, खाली असताना १४०. त्याचाच धाकटा भाऊ १९०, तो १६० आणि १३५. पीक डिझाइनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड १५२ आणि १३०, आणि त्यात हेड (कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो तो वरचा भाग) आधीच बसवलेलं असल्यामुळे १३० मध्ये हेड आलं, बाकीच्या दोघांवर हेड वेगळं बसवायचं असतं. म्हणजे नुसते आकडे शेजारी ठेवूनही भागत नाही, त्यात काय धरलंय आणि काय नाही ते बघावं लागतं. या दोन आकड्यांमधला जो २०-३० सेंटिमीटरचा फरक आहे, सगळी मेख तिथे आहे.

आपल्याला किती लागते ते कसं काढायचं? सोपं आहे. बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा (फिल्डवर आपण अनवाणी नसतो), आणि घरातल्या कुणालातरी डोळ्याच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा. डोक्याच्या टोकापासून डोळे साधारण ११-१२ सेंटिमीटर खाली असतात. आता त्या खुणेपासून खाली यायचं. कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीपर्यंत ७ ते ९ सेंमी, त्याखाली कॅमेरा हेडवर अडकवायची प्लेट १ सेंमी, त्याखाली बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, ९ ते ११ सेंमी. हे सगळं मिळून १९ धरा. म्हणजे माणूस १७० सेंमीचा असेल, आपला नेहमीचा पाच फूट सात इंच, तर डोळे १५८ वर, वजा १९, म्हणजे नुसते पाय १३९-१४० पर्यंत गेले की झालं. पाच फूट दोन इंचवाल्यांना १२७ च्या आसपास पुरतं. पाच दहावाल्यांना १४७. म्हणजे तुम्हाला साठ इंची, पासष्ट इंची ट्रायपॉडची गरजच नसते हो, पण लोक स्वतःची उंची आणि ट्रायपॉडची उंची सरळ जुळवायला जातात आणि फसतात, मधलं हेड आणि कॅमेरा विसरतात.

हा झाला सपाट जमिनीवरचा हिशोब, आणि आपल्याकडे सपाट जमीन शोधायची तर पार्किंगमध्येच फोटो काढावे लागतील. उतारावर काय होतं बघा. १४० सेंमीचा पाय नेहमीच्या कोनात उघडला की मध्यापासून साधारण ५५ सेंमी लांब टेकतो. उतार २० अंशांचा असेल, गडाच्या वाटेवर असतोच, तर त्या ५५ सेंटिमीटरवर जमीन २० सेंमी खाली गेलेली असते. म्हणजे उताराकडचा पाय तेवढा जास्त लांब हवा, नाहीतर बाकीचे दोन आखूड करून अख्खा ट्रायपॉडच खाली घ्यावा लागतो. तीच गोष्ट आकाशाकडे कॅमेरा करताना. आकाशगंगेचा फोटो काढायला कॅमेरा वर वाकवला की व्ह्यूफाइंडर मागे आणि खाली जातो आणि तुम्ही गुडघ्यात वाकून, मान उलटी करून काहीतरी योगासन करत असता. म्हणून जे डोंगरात फिरतात त्यांनी हिशोबात आलेल्या उंचीवर १०-१५ सेंमी जास्तीचे धरावेत, आणि जे घरात, छतावर, बागेत फोटो काढतात त्यांनी उगाच धरू नयेत कारण प्रत्येक सेंटिमीटर खांद्यावरून वाहायचा असतो.

आता कुणी म्हणेल, हल्ली कॅमेऱ्याची स्क्रीन वळते, डोळा लावतो कोण, छातीपर्यंतचा ट्रायपॉड पुरे. बरोबर आहे, तिशीच्या आत असाल तर अगदीच बरोबर, १२० सेंमीचे पाय घ्या आणि मजेत राहा. पण चाळिशी लागली की एक गंमत होते, म्हणजे चष्म्याची चाळिशी. स्क्रीन बघायला जवळचा चष्मा लागतो, लांबचं दृश्य बघायला तो काढावा लागतो, चष्मा घाल, चष्मा काढ, तोवर उजेड गेला. व्ह्यूफाइंडरला मात्र बाजूला ती बारकी चकती असते डायऑप्टरची, ती आपल्या नंबराला फिरवून ठेवली की चष्म्याशिवाय लख्ख दिसतं. त्यामुळे मला परत डोळ्यापर्यंतच्या उंचीची किंमत कळायला लागलीये, आणि कंबरेलाही कळायला लागलीये. हे कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाही कारण रिव्ह्यू करणारी पोरं सगळी पंचविशीतली.

बरं, दांडी वर केली की नेमकं बिघडतं काय? गुढी आठवा. खिडकीच्या ग्रिलला आपण काठी खालून दोन ठिकाणी घट्ट बांधतो, बांधलेला भाग ढिम्म हलत नाही, पण गाठीच्या वर जी काठी मोकळी राहते तिच्या टोकावरचा तांब्या जरा वारा आला की डोलायला लागतो, आणि वरची काठी जेवढी लांब तेवढा जास्त डोलतो. ट्रायपॉडचे तीन पाय म्हणजे ती गाठ. तीन पाय तीन दिशांना टेकलेले असल्यामुळे कुठल्याही बाजूने ढकललं तरी कुणीतरी पाय ते झेलायला असतोच. दांडी वर काढली की तिला झेलणारं कुणी नाही, एकटी नळी, एका कॉलरमध्ये, म्हणजे पायांच्या माथ्यावरच्या कड्यात पकडलेली, आणि टोकावर किलो-दीड किलोचा तांब्या, म्हणजे आपला कॅमेरा.

आणि हे वाढतं ते सरळ हिशोबाने वाढत नाही. एका टोकाला पकडलेल्या दांडीचं मोकळं टोक किती वाकतं ते लांबीच्या घनावर जातं, कॉलेजात शिकलेलं कुणाला आठवत असेल. म्हणजे दांडी १० सेंमी वर असताना वाऱ्याने जेवढी वाकेल, त्याच्या आठपट ती २० सेंमीवर वाकेल आणि ३० सेंमीवर सत्तावीसपट. दुप्पट-तिप्पट नाही हो, आठपट आणि सत्तावीसपट! म्हणून चार बोटं वर घेतलेली दांडी आणि पूर्ण उपसलेली दांडी या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, आणि ‘दांडी कधीच वापरू नका’ असं जे सरसकट सांगतात तेही मला पटत नाही. वर कॉलरचा स्वतःचा जो ढिलेपणा असतो, स्वस्तातल्या ट्रायपॉडमध्ये तर दांडी पकडून हलवली की खटखट वाजते, तो वेगळाच.

किती हललं म्हणजे फोटो गेला, हे पण एकदा बघू, कारण डोळ्याला ते दिसतच नाही आणि मग लोकांना वाटतं हा उगाच किस काढतोय. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा घ्या, त्यावर २०० मिमीची लेन्स. ३० सेंमी वर काढलेल्या दांडीचं टोक कागदाच्या जाडीच्या एक दशांश, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग हललं, तरी फोटोत ठिपका एखाद-दीड पिक्सेलने सरकतो. पूर्ण कागदाच्या जाडीएवढं हललं तर दहा-पंधरा पिक्सेल. माझ्या अळ्या कशा झाल्या ते आता कळलं असेल. तेच १६ मिमीची वाइड लेन्स असती तर परिणाम बाराएक पटीने कमी झाला असता आणि मला बहुतेक काही कळलंही नसतं, म्हणून ज्यांच्याकडे फक्त वाइड लेन्स आहे ते म्हणतात की आमची दांडी नेहमी वर असते, काही होत नाही. त्यांचंही खरंच असतं.

शटर स्पीडचं पण तसंच. १/५०० सेकंदाला काही बिघडत नाही. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीला बटण दाबल्याचा जो हेलकावा आहे तो एक-दोन सेकंदांत विरतो, उरलेले २८ सेकंद तो फोटोत दिसू देत नाहीत (वारा मात्र तीसच्या तीस सेकंद चालू असतो, तो सोडत नाही). सगळ्यात बेकार पट्टा म्हणजे १/३० पासून एक-दोन सेकंदांपर्यंत, आणि नेमका संधिप्रकाशात, देवळाच्या गाभाऱ्यात, झऱ्याचं पाणी रेशमी करताना आपण तिथेच असतो. तिथे दोन सेकंदांचा टायमर लावायचा, बटणाला हात न लावता फोटो निघू द्यायचा. दांडी बरीच वर असेल तर दोन सेकंदही पुरत नाहीत, दहाचा लावा.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, घरीच करून बघा. कॅमेऱ्यावर असेल ती मोठ्यात मोठी लेन्स लावा, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या पाटीवर धरा, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू दृश्य, सुरू करून दहा पट झूम करा. लेन्सवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि पाटीवरची अक्षरं थांबेपर्यंत मोजा. मी केलं तेव्हा दांडी खाली असताना ‘एक’ म्हणून होईपर्यंत अक्षरं थांबली. दांडी पूर्ण वर केल्यावर सावकाश चारपर्यंत मोजावं लागलं, आणि मधेच आमच्या घरासमोरून एसटी गेली तर थरथर परत सुरू झाली, सोसायटीच्या नावातला ‘श्री’ असा थरथरत होता की बघायची सोय नाही. त्यानंतर मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

पायांबद्दलही एक लक्षात ठेवायला हवं, नाहीतर दांडी खाली ठेवून पण डोलेलच. पाय तीन, चार किंवा पाच तुकड्यांत येतात, म्हणजे सेक्शनमध्ये. जेवढे सेक्शन जास्त तेवढा ट्रायपॉड घडी करून छोटा होतो, बॅगेत मावतो, विमानात, लोकलमध्ये सोपा पडतो. पण प्रत्येक नळी वरच्या नळीच्या पोटात जायची म्हणजे खालची बारीकच होत जाणार. वरची २८ मिमी असेल तर चार सेक्शनच्या ट्रायपॉडमध्ये सगळ्यात खालची १९ च्या आसपास येते. नळीच्या पत्र्याची जाडी तीच धरली तर १९ ची नळी २८ च्या मानाने तिपटीने लवते. म्हणून उघडताना आधी वरच्या जाड नळ्या उघडायच्या, पुरत नसेल तरच खालची काडी, आणि तरीही पुरत नसेल तर मग दांडी.

आता हा नियम दगडावरची रेघ नाही. पाच सेक्शनचा हलका ट्रॅव्हल ट्रायपॉड असेल तर त्याची शेवटची काडी खरंच पेन्सिलीएवढी असते, तिथे ती काडी बंद ठेवून दांडी पाच-सहा सेंमी वर घेतलेली कधीकधी जास्त बरी पडते. टिचकी मारून बघा, कळेल. आणि समुद्रावर तर उलटंच करायचं. कोकणात किनाऱ्यावर पाण्यात पाय रोवून फोटो काढणार असाल तर आधी सगळ्यात खालची नळी पूर्ण उघडा, म्हणजे नळ्यांचे जोड पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. जोडाच्या आट्यांत एकदा वाळू गेली की ती करकर आयुष्यभर ऐकायची. लाट परत जाताना पायाखालची वाळू पण घेऊन जाते, ट्रायपॉड हळूहळू खचतो, तर आधीच दाबून चांगला आत घुसवायचा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच रात्री.

आतापर्यंत सगळं वर जाण्याबद्दल बोललो, पण दांडीचा खरा त्रास मला झाला तो खाली जाताना. कासला सप्टेंबरात गेलो होतो. तिथली सीतेची आसवं बघितली असतील, निळसर जांभळी, ओल्या कातळावरच्या मातीत, वीतभर उंचीची पण नसतात, आणि शेजारी गेंदाची पांढरी बटणं. अशा फुलाचा फोटो उभ्याने वरून काढला की सरकारी पंचनाम्याच्या फोटोसारखा येतो. कॅमेरा फुलाच्या पातळीला न्यायला हवा, मग मागे ढग येतात, पुढे दवबिंदू येतात, फूल मोठं वाटतं. मी पाय फाकवले, आणखी फाकवले, आणि खट्. दांडीचं खालचं टोक जमिनीला टेकलं. पाय अजून खाली जायला तयार, पण पोटात खुंटी मारल्यासारखी ती दांडी मधे उभी. कॅमेरा जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर अडकला आणि फुलं खाली दहा सेंमीवर.

त्यावर उपाय म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की दांडी काढून उलटी घाला आणि कॅमेरा खाली लटकवा. करून बघितलं. कॅमेरा उलटा, बटणं उलटी, स्क्रीन उलटी, तिन्ही बाजूंनी पाय डोक्याला लागतायत, आणि मी चिखलात पोटावर. शेजारून जाणाऱ्या मावशी त्यांच्या मिस्टरांना म्हणाल्या, “अहो बघा ना, त्यांचं काही हरवलंय का.” शेवटी कॅमेरा पिशवीवर ठेवून फोटो काढला, आणि तो चांगला आला, ट्रायपॉड गाडीत ठेवला असता तरी चाललं असतं.

तर दुकानात ट्रायपॉड वर किती जातो ते बघून झालं की खाली किती येतो तेही बघा. स्वस्त ट्रायपॉडमध्ये तिन्ही पायांना मधे जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या पाय एका कोनाच्या पलीकडे उघडूच देत नाहीत, हँडल फिरवून दांडी वर करायची सोय असलेले बहुतेक याच जातीचे. ते लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओला ठीक, फुलांना नाही. काही ट्रायपॉडमध्ये दांडी दोन तुकड्यांची असते, खालचा तुकडा पिळून काढून टाकता येतो, हे फार कामाचं. मॅनफ्रोटोच्या १९० आणि ०५५ मध्ये दांडी वर ओढून आडवी करता येते, त्यामुळे तो ट्रायपॉड जमिनीपासून ९ सेंमीवर येतो. आणि काहींना दांडीच नसते, जित्झोची सिस्टिमॅटिक मालिका मूळची अशीच, वर एक सपाट चकती, त्यावर थेट हेड. तिन्ही पाय सपाट पसरले की हेड जवळजवळ गवतात. महाग आहेत, पण ज्यांना जड टेलीलेन्स वापरायची आहे ते शेवटी तिकडेच जातात. बिनदांडीचा ट्रायपॉड घ्यायचा तर उंचीचा तो वरचा हिशोब मात्र चोख करूनच घ्या, कारण कमी पडला तर वर खेचायला काही नाही.

मग दांडी हवी कुणाला? आहेत ना. नांदूर मध्यमेश्वरला (नाशिकजवळचं पक्ष्यांचं, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण) आमच्या ग्रुपमधल्या एकाने ट्रायपॉडवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघायची एका डोळ्याची दुर्बीण लावली होती. आधी सहा फुटी काका बघणार, मग त्यांची नात, मग आजी. दर वेळी तीन पायांचे नऊ जोड सोडून कोण उंची बदलत बसणार? त्याने एका हाताने दांडीचा स्क्रू सैल केला, सर्रकन खाली, “बघ बाळा, तो चमच्यासारख्या चोचीचा दिसतोय का?” आजी आल्या की परत वीतभर वर. स्कोपमधून डोळ्याने बघताना थोडा थरथराट चालतो, फोटो थोडाच काढायचाय. तिथे दांडीशिवायचा ट्रायपॉड म्हणजे डोकेदुखी झाली असती.

टेबलावर ताट मांडून वरून फोटो काढणारे, जुन्या पोथ्या किंवा घरातले जुने अल्बम कॉपी करणारे, त्यांना आडवी होणारी दांडी वरदान आहे, फक्त आडव्या दांडीच्या विरुद्ध बाजूला वजन लटकवा नाहीतर कॅमेरा थेट आमटीत. पोर्ट्रेट काढताना माणूस बसला, उठला, जरा मान खाली घातली, तेव्हा चार बोटं वर-खाली करायला दांडी मस्त. जुन्या वाड्याचा आतून फोटो काढताना कॅमेरा अगदी सरळ, समांतर ठेवायचा असतो, नाहीतर खांब कोसळल्यासारखे दिसतात, तेव्हा कॅमेरा न वाकवता थोडा वर-खाली करायलाही तीच. या सगळ्यांत एक सारखं आहे, वारा नाही, घाई नाही आणि लेन्स लांबची नाही. (वेरूळ-अजिंठ्याला ट्रायपॉड न्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा, गेटवर वाद घालून उपयोग नाही.)

दांडीच्या खाली हुक असतो, त्याला बॅग लटकवायची, म्हणजे ट्रायपॉड जड होतो असं सगळे सांगतात. अर्धंच सांगतात. वाऱ्यात ती बॅग घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडला धक्के देत बसते, त्यापेक्षा न लटकवलेली बरी. बॅगेचं बूड जमिनीला जेमतेम टेकेल अशी लटकवा, वजनही येतं आणि झोकाही थांबतो. आणि एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेला ठेवा, तुम्ही उरलेल्या दोघांच्या मधे उभे राहा. जड लेन्स पुढे झुकलेली असते, तिच्या खाली पाय नसेल तर आडवं व्हायला एक झुळूकही पुरते, दांडी वर असेल तर मग बघायलाच नको.

कार्बन का अ‍ॅल्युमिनियम, असं विचारणारे पुष्कळ असतात. पैसे असतील तर कार्बन, हलका असतो आणि थरथर लवकर विरते. नसतील तर अ‍ॅल्युमिनियम, पण जाड नळ्यांचा आणि पुरेशा उंचीचा. बारीक कार्बनपेक्षा जाड अ‍ॅल्युमिनियम कधीही.

माझा तो साठ इंची अजून आहे. नवा घेतल्यावर जुना कुणी घेईना, म्हणून एका रविवारी त्याची दांडी काढली आणि हॅकसॉने कापून आठ सेंमीची केली. साधी अ‍ॅल्युमिनियमची नळी, दहा मिनिटांत कापली गेली, कडा कानसने घासल्या, खालचं टोपण परत ठोकून बसवलं. ते टोपण विसरायचं नाही, नाहीतर वर खेचताना दांडी कॅमेऱ्यासकट हातात येते. (वॉरंटी अर्थातच गेली, तुमचा नवा असेल तर हा उद्योग करू नका.) आता तो १३० सेंमीच्या आतच जातो, वाकावं लागतं, पण कासला मातीपर्यंत खाली येतो आणि टिचकी मारली की लगेच गप्प होतो. कापलेला तुकडा मी जपून ठेवला होता, तो आईने मनीप्लँटच्या कुंडीत खोचलाय, वेल आता त्याच्या टोकाच्याही वर गेलाय आणि वरचा शेंडा पंख्याच्या वाऱ्यावर डोलत असतो.